मागे ट्रॉली असताना : पहिल्यांदा ओढणाऱ्यासाठी

मागच्या रविवारी रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. तो टेक्सासला असतो, तिकडे सकाळचे अकरा वाजले होते. "मामा, पिकअप घेतली. पुढच्या महिन्यात मागे कॅम्पर लावून पोरांना फिरायला न्यायचंय. तीस फूट लांब आहे. एवढं मागे घेऊन मी कधी गाडी चालवली नाही. तुम्ही सांगा."

अमेरिकेतली गाडी कशी हाकायची हे यावल तालुक्यातल्या मामाला विचारतोय म्हणून घरात सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. हाच पोरगा अकरावीत असताना दिवाळीच्या सुटीत आमच्या खळ्यात ट्रॉली मागे घेताना रडकुंडीला आला होता. चाळीस मिनिटं झटला आणि शेवटी ट्रॉली कडब्याच्या गंजीत घातली. तेव्हा मी जे सांगितलं होतं, तेच त्याला फोनवर परत सांगितलं. यंदा गावात तिघा-चौघा पोरांनी नवे ट्रॅक्टर घेतलेत, दोघं तर पुण्याची नोकरी सोडून आलेत. त्यांच्यासाठी लिहूनच ठेवतो.

आधी भाच्याच्या गाडीचं सांगतो. त्याचा कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. चूल, पलंग, संडास सगळं आत. तो पिकअपच्या मागच्या बंपरला अडकवत नाहीत. पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, एक जाड थाळी बसवतात आणि कॅम्परच्या पुढच्या भागातून खाली आलेली खुंटी तिच्या जबड्यात अडकते. भुसावळ-जळगाव महामार्गावर कंटेनर ओढणारे घोडे, म्हणजे ट्रकची पुढची इंजिनवाली तोंडं, बघा. घोडा मोकळा उभा असला की मागे ग्रीस माखलेली काळी थाळी दिसते, तीच ही. हिलाच फिफ्थ व्हील म्हणतात. जुन्या घोडागाड्यांच्या पुढच्या आसावर आडवं वळणारं लोखंडी कडं असायचं, चार चाकांवरचं पाचवं, त्यावरून हे नाव आलं. कॅम्परच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा त्या खुंटीवरून पिकअपच्या मागच्या चाकांवर बसतो, म्हणून तो डुलत नाही. शिवाय त्याला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, आणि जोड सुटलाच तर एक वायर खेचली जाऊन ब्रेक आपोआप लागतात.

आपल्या ट्रॉलीला यातलं काही नसतं. दोन चाकं, एक दांडी, एक पिन, आणि ब्रेकच्या नावाने शून्य. म्हणून आपल्याला जास्त शहाणं असावं लागतं.

माझा ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे, ट्रॉली १० बाय ६ फुटांची, दोन चाकी, हायड्रोलिक, म्हणजे बॉडी वर उचलून माल ओतणारी. पुढचं सगळं अशाच जोडीबद्दल आहे. चार चाकी ट्रॉलीच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊच नका. तिचा पुढचा आसही वळतो, त्यामुळे मागे घेताना सगळा हिशेब उलटतो. मला आजही ती धड मागे घेता येत नाही आणि ते सांगायला मला लाज नाही.

जोडण्यापासून सुरू करू. ट्रॅक्टर ट्रॉलीकडे न्यायचा. दांडी धरून हुकाशी जुळवायला पोरगं किंवा सालदार मध्ये उभा करायची आपल्याकडे जी रीत आहे ती बंद करा. क्लचवरून पाय सटकला की ट्रॅक्टर एक फूट मागे येतो आणि तेवढं फूटभरच अंतर त्या माणसाच्या पोटासमोर असतं. ट्रॉलीच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, दांडीची उंची स्टँडने हुकाएवढी करा, हळूहळू मागे या, भोक जुळलं की न्यूट्रल, हँडब्रेक, मग खाली उतरून स्वतः पिन घाला. पहिल्या वेळी पाच-सहादा वर-खाली करावं लागेल. करा. कोणी बघत असेल तर बघू द्या.

पिन कंपनीची, भोकाला बेताची घट्ट. सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट चालणार नाही. पिनच्या खाली लिंचपिन, म्हणजे पिन वर निघू नये म्हणून तिच्या खालच्या टोकात अडकवायची छोटी खीळ, हवीच. दांडी खड्ड्यात उसळते तेव्हा पिन वर सरकत जाते, आणि लिंचपिन नसेल तर चार किलोमीटरमध्ये ती रस्त्यावर पडलेली असते. आमच्या शिवारात एकाची रिकामी ट्रॉली अशीच सुटून एकटी नाल्यात जाऊन बसली, आणि हा बहाद्दर गावापर्यंत गाणी ऐकत आला. मागे वळून बघितलं तेव्हा कळलं. म्हणून पिनशिवाय एक साखळी दांडीखालून ट्रॅक्टरला बांधा. जोडून झालं की पहिला गिअर टाकून, चाकांचे दगड तसेच ठेवून, ट्रॅक्टरला हलका हिसका द्या. ट्रॉली जागची न हलता ट्रॅक्टर अडला, म्हणजे जोड पक्का. भाच्यालाही हे सांगितलं तर तो म्हणाला, तिकडे पण असंच करतात, कॅम्परचे ब्रेक दाबून धरतात आणि पिकअप पुढे खेचून बघतात.

ट्रॉली फक्त खालच्या हुकाला. टॉपलिंक, म्हणजे अवजाराला वरून धरणारा दांडा, जिथे लागतो त्या जागी, उंचावर, साखळी किंवा दोर बांधून ओढायला जाऊ नका. ओढ मागच्या आसाच्या वरून लागली की चाकं जमिनीत रुततात आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. ते मागे उलटायला लागलं की उडी मारायलाही वेळ मिळत नाही. नांगराचे दोन्ही हात वर उचलून साखळीने आवळून ठेवा, नाहीतर वळणावर दांडीला घासतात. हायड्रोलिकचा पाइप वळणाला पुरेल एवढा ढिला, पण जमिनीला लागेल एवढा नाही. जोडण्याआधी कपलरचं, म्हणजे पाइप ट्रॅक्टरला जिथे जोडतो त्या जोडाचं, तोंड फडक्याने पुसा. त्यातली चिमूटभर माती पंपात जाते आणि मग मेकॅनिक हसतो.

आता ब्रेक. हे नीट वाचा. शेतात जागेवर वळायला सोपं जावं म्हणून ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, दोन पायपट्ट्या शेजारी शेजारी. त्या दोघींना जोडणारी एक छोटी पट्टी असते. शेतात ती सोडतो आणि रस्त्यावर येताना लावायची विसरतो. मग समोर म्हैस आली, पाय एकाच पट्टीवर पडला, एकच चाक थांबलं, ट्रॅक्टर त्या बाजूला गरकन वळला आणि मागची भरलेली ट्रॉली सरळच चालत राहिली. ती ट्रॅक्टरला घडी घालते. मी दोनदा अशी घडी पडलेली बघितलीय, दोन्ही वेळा ट्रॅक्टर आडवा. शेताच्या फाट्यावरून डांबरीवर चढण्याआधी थांबायचं, वाकायचं, ती पट्टी लावायची. आमच्या घरात याला "चप्पल घालणं" म्हणतात. चप्पल घातली का, असं नातूसुद्धा विचारतो. त्याच थांब्यावर हाताचा थ्रॉटल पूर्ण खाली करून पायाच्या अॅक्सिलेटरवर या. हाताचा थ्रॉटल वर राहिला तर पाय काढूनही इंजिन ओढतच राहतं.

भरण्याबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात. दोन चाकी ट्रॉली म्हणजे तराजूच आहे, आस मध्ये. माल मागे जास्त झाला तर दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि चिखलात जागेवर फिरतात. माल पुढे जास्त झाला तर हुकावर भार येतो, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. थोडा भार पुढे हवा, स्टँडवरून दांडी सहज उचलली जाऊ नये एवढा. भरताना आधी आसावर, मग पुढे, शेवटी मागे.

आणि ढिगाच्या उंचीवर जाऊ नका. कापसाची ट्रॉली बांबू लावून, पायाने तुडवून भरली की डोंगरासारखी दिसते, पण काट्यावर पंधरा क्विंटलच्या आसपासच जाते. तीच ट्रॉली धरणाच्या गाळाने नुसती फळ्यांपर्यंत भरा. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि तेवढ्या ओल्या गाळाचं वजन चार टनांच्या पुढे. आपला ट्रॅक्टर स्वतः दोन टनांचा. म्हणजे मागून ढकलणारा आपल्यापेक्षा दुप्पट वजनाचा. कापसाचा धोका वेगळा आहे. तो उंच असतो, वाऱ्याने डुलतो, आणि गावात शिरताना विजेच्या तारांना लागतो. ताडपत्री टाकून दोर आडवे-तिडवे आवळा. केळी कापल्यानंतर जे खांब बाहेर काढतो, ते सगळ्यात फसवे. पाण्याने भरलेले, गुळगुळीत, चढावर सगळे एकदम मागे घसरतात आणि दांडी हवेत. खांब भरले की मागचा फाळका उघडा ठेवून कधी निघू नका.

पहिले दोन दिवस रिकामी ट्रॉली घेऊन फिरा. सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना. रिकामी ट्रॉली उसळते आणि आवाज करते, भरलेली मुकाट येते. माणूस फसतो तो इथे, मुकाट म्हणजे ताब्यात असं त्याला वाटतं.

वळताना ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाही, आतून कापते. हे मला कसं कळलं ते सांगतो. ट्रॅक्टर घरी येऊन आठवडा झाला होता, मी शेणखत भरून गल्लीतून निघालो. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एका आजींचा ओटा होता, शेणाने सारवलेला, वर तुळस. ट्रॅक्टर अगदी नेटका वळला. मी मागे न बघता पुढे, आणि मागून आवाज आला, आधी दगडांचा, मग आजींचा. ट्रॉलीच्या चाकाने ओट्याचा कोपरा खाल्ला होता, तुळस तेवढी वाचली. आजी मला पुढची पंधरा वर्षं "ओटाफोड्या" म्हणत. दोन दिवसांत मी स्वतः गिलावा करून दिला तरी नाव काही गेलं नाही. तेव्हा वळणाच्या आधी बाहेरच्या बाजूला सरका, ट्रॅक्टर कोपऱ्याच्या पुढे जाऊ द्या, मग वळा, आणि मान आतल्या चाकाकडे. भाच्याच्या तीस फुटी कॅम्परला तर कोपरा अजून आतून कापायचा आहे. त्याला म्हटलं, पेट्रोलपंपावर शिरताना आधी पायी चक्कर मार, बाहेर कसं पडायचं ते ठरव, मग आत घाल.

उताराचं एकच लक्षात ठेवा. ज्या गिअरने तो उतार चढता आला असता त्याच गिअरने उतरायचं, आणि तो गिअर वरच टाकायचा. अर्ध्यात गेल्यावर गिअर बदलायला क्लच दाबला की ट्रॅक्टर मोकळा सुटतो आणि दुप्पट वजन मागून ढकलायला लागतं. नाल्याच्या फरशीवर उतरणारे आपले गाडरस्ते छोटे आहेत पण उभे आहेत, आणि खाली लगेच वळण. वेग वर, सरळ रस्त्यावर असतानाच कमी करा. वळणात ब्रेक मारला की परत तीच घडी. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक मला माहीत आहेत. वाचलेल्या डिझेलचा चहा सुद्धा येत नाही.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर चोपड्यापासून रावेरपर्यंत संध्याकाळी केळीचे ट्रक, बस, दुचाकी सगळं एकाच पट्ट्यात धावतं. अंधार पडायच्या आत घर गाठा. नाहीच जमलं तर ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकपट्टी हवी, आणि मागचा दिवा लागत असला पाहिजे. चिखलाने माखलेली पट्टी नसल्यातच जमा, खळ्यातून निघताना तिच्यावर हात फिरवा. पंक्चर झालं तर चाकाखाली लावलेले दगड काम झाल्यावर उचला. आपण निघून जातो आणि रात्री कोणाच्या तरी पोराची मोटारसायकल त्यावर जाते. ट्रॉलीत माणसं बसवून मनुदेवीच्या किंवा मुक्ताईच्या दर्शनाला न्यायचं नाही, कितीही जवळचे पाहुणे असोत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. विमा काढताना पॉलिसीत तो नंबर आहे का ते बघा. एजंट नेहमी "सगळं त्यातच येतं" म्हणतो.

आता मागे घेणं.

खळ्यात दोन विटा ठेवा, ट्रॉलीच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त अंतरावर. हे तुमचं फाटक. ट्रॉली आणि ट्रॅक्टर एका रेषेत आणा, फाटकापासून चाळीस-पन्नास फूट पुढे. सगळ्यात हळू रिव्हर्स, इंजिन संथ. एक हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा, घड्याळात सहा असतात तिथे, आणि मागे वळून बघा. आता ट्रॉलीची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला तो हात सरकवा. शेपटी डावीकडे हवी, हात डावीकडे. इतकंच. वरून धरलं की सगळं उलटं वाटतं आणि डोकं फिरतं, भाच्याचं तेच झालं होतं. खालून धरलं की डोक्याला काम उरत नाही.

हात बोटभर सरकवा आणि वाट बघा. ट्रॉली लगेच ऐकत नाही. दोन-तीन फूट मागे गेल्यावर ती वळायला लागते, आणि एकदा लागली की भराभर वळते. नवा माणूस इथेच चुकतो. ती ऐकत नाही म्हणून तो अजून फिरवतो, मग ती एकदम ऐकते आणि काटकोनात उभी राहते. शेपटी वळायला लागली रे लागली की हात परत मध्ये, आणि ट्रॅक्टर तिच्या मागे मागे न्यायचा. दांडी छोटी असेल तर सगळं लवकर घडतं, लांब असेल तर सावकाश. भाच्याला त्याचा कॅम्पर आपल्या ट्रॉलीपेक्षा आळशी वाटेल, पण रागावला की त्याचा कोपरा पिकअपच्या केबिनला लागेल.

कोन बिघडला की तो मागे घेऊन सुधारायला जाऊ नका. पुढे घ्या, सरळ व्हा, परत या. मला पस्तीस वर्षं झाली, कापसाच्या जिनिंगमध्ये रांगेत मागे लावताना मी अजूनही दोनदा पुढे घेतो. मागचे हॉर्न वाजवतात. त्यांच्या ट्रॉलीचा फाळका मोडणार नसतो. दांडी मागच्या टायरला टेकायला आली की थांबायचंच, त्याच्या पुढे टायर तरी फाटतो नाहीतर दांडी तरी वाकते. आणि दिशा सांगायला माणूस असेल तर तो एकच असावा, ड्रायव्हरच्या बाजूला, तुम्हाला दिसेल असा. पाच जण पाच बाजूंनी "येऊ द्या, येऊ द्या" करतात तेव्हा खाली उतरून स्वतः बघून या. उजवीकडून जमायला लागलं की तीच कसरत डावीकडून. डावीकडे अर्धंच दिसतं, म्हणून ती शेवटी शिका. रोज तासभर दिला तर आठवड्यात हात बसतो.

रिकामी करताना जागा सपाट हवी, वर तार नको, फाळका आधी उघडा. गाळ किंवा ओलं खत कधी कधी चिकटून बसतं. बॉडी पूर्ण वर गेली तरी पडत नाही आणि मग एकदम कोसळतं. ते पाडायला पुढे-मागे हिसके देऊ नका, खाली घेऊन फावड्याने मोकळं करा. वर उचललेल्या बॉडीखाली टेकू लावल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही, पाइप फुटायला वेळ लागत नाही.

राहिलं सोडणं. सगळ्यांना वाटतं पिन काढली की झालं. एका पावसाळ्यात मी गाळ अर्धाच उतरवला, मागचा ढीग तसाच राहिला, जेवायची घाई होती. स्टँड न लावता, वाकून पिन ओढली. दांडीवर भार उरलाच नव्हता, सगळं वजन आसाच्या मागे. दांडी सरळ वर आली ती माझ्या हनुवटीवर. चार टाके पडले. त्या दिवशी कळण्याची भाकरी आणि भरीत होतं, मी पेज प्यालो.

तेव्हा आधी चाकांना दगड, मग स्टँड पूर्ण खाली, मग हायड्रोलिकचा पाइप, साखळी, आणि शेवटी पिन, तीही बाजूला उभं राहून. पिन हाताने सहज निघत नसेल तर वजन कुठेतरी अडलंय असं समजा आणि हातोडा ठेवून द्या. आपल्या काळ्या जमिनीत स्टँड रात्रभरात वीतभर रुततो आणि सकाळी दांडी नाक खुपसून पडलेली असते, म्हणून स्टँडखाली जाड फळी ठेवा.

भाच्याला म्हटलं, तुझ्या कॅम्परच्या पायांखाली पण काहीतरी ठेवावं लागेल, तिकडे फळी मिळते ना? तो म्हणाला, "मामा, इथे त्यासाठी प्लास्टिकच्या रंगीत विटा मिळतात, पिशवीसकट." किती पैसे पडले ते मात्र त्याने सांगितलं नाही.